फाट्यावरची फिल्म : ४८ तासांत लघुपट करायचा तर

आमचा पहिला लघुपट स्पर्धेच्या पोर्टलवर पोहोचला तेव्हा मुदत संपून अकरा मिनिटं झाली होती. फिल्म तयार होती, बऱ्यापैकी जमलीही होती. पण लातुरात भाड्याच्या खोलीत आम्ही सहा जण एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती चढवत बसलो होतो आणि पट्टी ८७ टक्क्यांवर असताना सात वाजले. ज्यांनी दोन दिवस आपलं अंगण, खाट, भांडीकुंडी सगळं वापरू दिलं, ती माणसं भेटली की विचारायची, "लागली का गं फिल्म?" त्यांना उत्तर देणं मला पुढे महिनाभर जड गेलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही सव्वा तास आधी फिल्म पाठवली. मधल्या काळात जे शिकलो ते इथे क्रमाने मांडते आहे. हाताशी मोबाइल आहे, चार-पाच मित्र आहेत, मराठवाड्यातल्या एखाद्या गावात नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी राहता आणि याआधी कधी फिल्म केलेली नाही, अशांसाठी हे लिहिलं आहे.

या स्पर्धांचा साचा आधी समजून घ्या. २००१ साली अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये मार्क रुपर्ट यांच्या कल्पनेतून '४८ अवर फिल्म प्रोजेक्ट' सुरू झाला. शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी काढून फिल्मचा प्रकार मिळतो. एक पात्र, एक वस्तू आणि एक संवाद सगळ्यांना सक्तीचा असतो. रविवारी संध्याकाळपर्यंत चार ते सात मिनिटांची फिल्म द्यायची. लिहिणं, चित्रीकरण, संकलन, संगीत, सगळं त्याच ४८ तासांत. माणसं जमवणं, जागा बघून ठेवणं आणि सामान गोळा करणं मात्र आधी चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा याच वळणाच्या असतात, तरी तुमच्या स्पर्धेचे नियम टीममधल्या दोघांनी वेगवेगळे वाचावेत. फाइलचं नाव कसं हवं, सुरुवातीला कोणती पाटी हवी, किती सेकंदांची श्रेयनामावली चालते, हे एकट्याच्या नजरेतून हमखास सुटतं.

१. वेळ शेवटाकडून मोजा

पहिल्या वर्षी आम्ही शुक्रवारपासून पुढे मोजत गेलो. आता लिहू, मग शूट करू, मग बघू. तसं केलं की उरलेलं सगळं रविवारच्या दुपारवर येऊन पडतं. म्हणून कागद घ्या, सगळ्यात खाली 'रविवार, संध्याकाळी ७' लिहा आणि वर चढत जा.

संध्याकाळी ५ ला अपलोड सुरू. ४ ला फिल्म एक्सपोर्ट होऊन, म्हणजे तिची एकच पक्की फाइल बनून, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बघून झालेली. १ ते ४ आवाज, संगीत, सबटायटल. दुपारी १ ला चित्र पक्कं, म्हणजे त्यानंतर एकही कट हलवायचा नाही. रविवारी सकाळी १० ला पहिला कच्चा जोड, म्हणजे शॉट क्रमाने लावलेली पहिली प्रत, तयार. शनिवारी सकाळी ६ ते संध्याकाळी साडेसहा चित्रीकरण. शुक्रवारी रात्री ११ ला संहिता पूर्ण, १ ला शॉटची यादी पूर्ण आणि मग चार तास झोप.

झोपेची वेळ कागदावर लिहा. न झोपलेला माणूस पहिली चूक करतो ती फाइल पुसण्याची. आमच्याकडे झाली आहे.

हा कागद भिंतीला लावा आणि टीममधल्या एकाला फक्त घड्याळाचं काम द्या. त्याने अभिनय करायचा नाही, कॅमेरा धरायचा नाही. "वीस मिनिटं झाली, पुढचा शॉट" हे म्हणायचा अधिकार त्याचा, आणि तो म्हणाला की दिग्दर्शकानेही ऐकायचं. आमच्याकडे हे काम एका मैत्रिणीने केलं. ती बँकेत नोकरीला आहे आणि तिचा फिल्मशी काहीच संबंध नव्हता. दुसरी फिल्म वेळेत झाली, यातला सगळ्यात मोठा वाटा मी तिचा मानते.

२. आदल्या आठवड्यात : माणसं आणि जागा

पाच ते सात जण पुरे. दिग्दर्शक, कॅमेरा, आवाज, संकलन, घड्याळ, आणि एक जण चहा-जेवण, गाडी, निरोप सांभाळणारा. दिग्दर्शक एकच असावा. दोघांनी मिळून दिग्दर्शन करायचं ठरवलं की प्रत्येक शॉटला चर्चा होते आणि ४८ तासांत चर्चेला जागा नसते. शेवटचा शब्द कोणाचा, हे शुक्रवारच्या आधी सगळ्यांसमोर बोलून घ्या. मैत्री आहे म्हणून हे बोलायचं टाळू नका. पुढचं सगळं बिघडतं ते इथेच.

कलाकार शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्याकडच्या कॉलेजांत युवक महोत्सवासाठी एकांकिका बसवणारी मुलं-मुली आहेत, गावात भजनी मंडळ आहे, भारूड करणारे आहेत. रंगमंचावरच्या कलाकाराला कॅमेऱ्यासमोर एकच गोष्ट सांगावी लागते : आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा नाही. "शेजारच्या खोलीत लेकरू झोपलंय असं समजून बोला," एवढं म्हटलं की बहुतेकांना लगेच कळतं.

जागेचं मात्र नीट ऐका. पहिल्यांदा फिल्म करणाऱ्या प्रत्येकाला देवगिरी किल्ला, बीबी का मकबरा, वेरूळ दिसतं. ही सगळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली संरक्षित स्मारकं आहेत. तिथे चित्रीकरणाला रीतसर परवाना लागतो, तो एका रात्रीत मिळत नाही आणि दारावर ट्रायपॉड दिसला की अडवतात. रेल्वे स्टेशन आणि एसटी स्थानकालाही त्या-त्या खात्याची परवानगी हवी. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम बघा, कुठे उडवता येतो ते डिजिटल स्काय नकाशावर हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात दिसतं. खरं सांगायचं तर पाच मिनिटांच्या फिल्मला ड्रोन लागत नाही. तो उडवण्यात गेलेल्या तासाभरात कलाकारांचे तीन चांगले शॉट होतात.

त्यापेक्षा घरापासून एक किलोमीटरच्या आत काय आहे ते बघा. पडकी गढी, माळवदाचं घर, आडत बाजारातली बंद दुपार, पारावरचा कट्टा, ऊसतोडीला गेलेल्या घराचं कुलूप. आपल्या भागात बारवाही भरपूर आहेत. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती कॅमेऱ्यात कशी दिसेल हे सांगायला नको. पण बारवेत शेवाळ असतं, कठडा नसतो, आणि दमलेली टीम अंधारात पायऱ्या उतरते. बारव वापरायची तर सकाळी, आणि पाण्याजवळ कोणी एकट्याने जायचं नाही.

जागा ठरली की मालकाला भेटा, ग्रामपंचायतीत सांगून ठेवा, आणि एका साध्या कागदावर लिहून घ्या : अमुक तारखेला आमच्या घरात चित्रीकरण करायला आणि ती फिल्म दाखवायला संमती आहे, सही. कलाकारांकडूनही असाच कागद. अल्पवयीन मूल असेल तर आई-वडिलांची सही. खोटी बंदूक, कोयता, मारामारी असलं काही असेल तर पोलीस ठाण्यात आधी कळवा. गावात अफवा पसरायला दहा मिनिटं लागत नाहीत.

आणि गिरणी कुठे आहे ते बघा. याचं कारण पुढे येईल.

३. शुक्रवारी संध्याकाळी : गोष्ट

आम्हाला दुसऱ्या वर्षी 'कौटुंबिक' हा प्रकार मिळाला. वस्तू होती छत्री, संवाद होता, "थोडं थांबा, येईलच."

पहिल्या तासात डोक्यात येतं ते कागदावर लिहून बाजूला ठेवा. आमच्या पहिल्या यादीत दुष्काळ होता, कोरडी विहीर होती, गळफासाचा दोर होता. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्याला हेच आठवतं आणि नकळत आपणही आपल्याकडे त्याच नजरेने बघायला लागतो. हे दुःख खोटं नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी लातूरने प्यायलं आहे. ते आम्ही विसरलेलो नाही. पण पाच मिनिटांत ते मांडायला गेलं की पात्र उरत नाही, नुसता विषय उरतो. ज्याच्या घरी असं घडलंय तो प्रेक्षक समोर बसलेला असताना उथळ काही दाखवायची मला हिंमत होत नाही.

मग एकजण म्हणाला, "माझी आई रोज सकाळी फाट्यावर उभी राहायची, डबा घेऊन." शिकायला लातूरला ठेवलेल्या पोरासाठी गावाकडून एसटीने डबा पाठवायचा, कंडक्टरच्या हाती द्यायचा, पोराने स्टँडवरून उचलायचा. हे आमच्यातल्या तिघांच्या घरी झालं होतं. गोष्ट तिथेच सापडली. एक आई फाट्यावर डबा घेऊन बसची वाट बघते आहे. उन्हासाठी हातात छत्री. शेजारी एक म्हातारे बाबा, त्यांनाही तीच बस हवी. बस येत नाही. मुलाचा फोन येतो, आज मेसला जेवण आहे, डबा नको पाठवू. ती बाबांना काही सांगत नाही. छत्री दोघांवर धरते आणि डबा उघडते.

दोन पात्रं, एक जागा, दिवसाचा उजेड. गोष्ट निवडताना या तीन गोष्टी धरून ठेवल्या की निम्मी अडचण संपते. सक्तीची वस्तू शेवटी कुठेतरी टेबलावर ठेवून मोकळं होऊ नका. ती काढून घेतली तर गोष्ट मोडली पाहिजे. आमच्या गोष्टीत छत्री नसती तर शेवट झालाच नसता.

संहिता लिहिताना एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा हिशोब ठेवा. पाच मिनिटांच्या फिल्मला चार पानं लिहा, पाच नको. प्रत्यक्षात सगळं लांबतं.

संवादांबद्दल माझा आग्रह आहे. आपल्याकडची माणसं पुस्तकी बोलत नाहीत. "आपण का थांबला आहात?" असं लातूर-नांदेडच्या फाट्यावर कोणी विचारणार नाही. "कामून थांबलाव बाबा?" असं विचारतील. नांदेडला, संभाजीनगरला, बीडला बोलण्यात दखनी उर्दूची लकब सहज मिसळते, निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेल्या मुलखाची ती बोली आहे. संहितेत फक्त काय म्हणायचं आहे ते लिहा आणि शब्द कलाकाराला त्याच्या तोंडचे येऊ द्या. सक्तीचा संवाद तेवढा जसाच्या तसा हवा. त्यात एक अक्षर बदललं तरी परीक्षक गुण कापू शकतात.

४. शॉटची यादी

नवख्या टीमला एक शॉट लावायला, दोन-तीनदा घ्यायला आणि पुढच्याची तयारी सुरू करायला वीस-बावीस मिनिटं लागतात. शनिवारचे उजेडाचे बारा तास धरले, त्यातून भरदुपारचे साडेतीन तास आणि जेवण-चहा वजा केलं, तर कामाचे साडेसात तास उरतात. म्हणजे साधारण वीस शॉट. आमची पहिली यादी बेचाळीसची होती.

कापताना विचार असा करा : कोणते शॉट नसतील तर गोष्ट कळणारच नाही? त्यांच्यापुढे चांदणी करा. ते आधी घ्या, क्रम गोष्टीचा असो वा नसो. बाकीचे वेळ उरला तर.

आम्ही यादीतून बसच काढून टाकली. खरी एसटी थांबवून तिच्यात चढ-उतर दाखवायची तर परवानगी हवी, वेळ हवा, शिवाय बस आपल्यासाठी दुसरा टेक देत नाही. म्हणून बस फक्त ऐकवायची ठरली. लांबून येणारं इंजिन, आईची वर होणारी मान, मग ते वाहन न थांबता निघून जातं आणि तिच्या चेहऱ्यावर धूळ येते. ती धूळ आम्ही फुफाट्यातून मोटारसायकल नेऊन उडवली, आवाज दुसऱ्या दिवशी जोडला. परीक्षकांनी नेमका तोच प्रसंग उचलून धरला.

५. शनिवार : उजेड

मे महिन्याच्या मध्यावर लातूर, संभाजीनगर भागात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच असतो. त्या उजेडात माणसाच्या डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतात, कपाळ जळतं आणि अभिनय दिसतच नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी साडेतीननंतर काम करा. हिवाळ्यात ऊन तिरपं असतं, तेव्हा दुपारही चालते, पण सहाच्या आत अंधारतं.

मधल्या वेळेत आतले शॉट घ्या. माळवदाच्या घरात झरोक्यातून किंवा दारातून एकाच बाजूने उजेड येतो आणि तो चेहऱ्यावर फार सुंदर पडतो. समोरची बाजू जास्त काळी वाटली तर थर्माकोलचा पांढरा पत्रा किंवा धुतलेली चादर धरा. दिवे विकत घ्यायची गरज नाही.

बल्ब-ट्यूबच्या उजेडात शूट करणार असाल तर हे कामाचं : आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं आणि चित्रात पट्टे येतात. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, आणि शटर, म्हणजे एका चित्राला उजेड मिळायचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात हे ठरवता येत नसेल तर 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे फुकट ॲप बऱ्याच फोनवर चालतं. त्यात फ्रेमची गती पक्की ठेवता येते. नाहीतर फोन स्वतःच गती कमी-जास्त करतो आणि संकलनात ओठ पुढे, आवाज मागे असं होतं. प्रत्येक शॉटआधी उजेड आणि फोकस लॉक करा.

फोन फ्लाइट मोडवर टाका. सगळ्यात चांगल्या टेकला घरून फोन येतो. बेचाळीस डिग्रीत फोन तापून रेकॉर्डिंग बंद पडतं, म्हणून कव्हर काढा, दोन शॉटच्या मध्ये तो सावलीत ठेवा आणि फ्रिजमध्ये कधीही ठेवू नका, आत पाणी धरतं. १०८०पी, म्हणजे फुल एचडी, पुरेसं आहे. ४के मध्ये पिक्सेल चौपट असतात, फाइली फुगतात आणि जुना लॅपटॉप रविवारी सकाळी गुडघे टेकतो.

६. शनिवार : आवाज

चित्र थोडं हललं, थोडं काळं आलं, तरी प्रेक्षक बघतो. संवाद ऐकू आला नाही तर तो मोबाइल काढतो. तरीही पहिल्या फिल्ममध्ये आवाजाकडे कोणी बघत नाही, म्हणून मी इथे जरा थांबते.

पहिल्या वर्षी आमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग एका वाड्याच्या ओसरीवर होता. सकाळपासून लाइट नव्हती, सगळं शांत होतं. आम्ही खूश. मुलीने रडायला सुरुवात केली आणि लाइट आली. त्याबरोबर शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, पाठोपाठ कुणाची पाण्याची मोटर, मग देवळावरचा भोंगा. गिरणीपुढे सकाळपासून डबे रांगेत होते, ती आता तीन तास थांबणार नव्हती. तो प्रसंग आम्ही तसाच घेतला आणि नंतर त्यातला एक शब्दही वाचवता आला नाही.

म्हणून आदल्या आठवड्यात जागा बघायला जाल तेव्हा डोळे मिटून पाच मिनिटं उभे राहा. लाइट कधी जाते, कधी येते, शेतीच्या लाइनचं वेळापत्रक या आठवड्यात दिवसाचं आहे की रात्रीचं, हे तिथल्याच कुणाला विचारा. गिरणीवाल्या काकांना भेटून सांगा की शनिवारी सकाळी नऊ ते दहा आम्हाला शांतता हवी आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही सांगितलं. त्यांनी दळण अर्धा तास पुढे ढकललं आणि रांगेतल्या बायकांना स्वतः समजावलं. विचारलं की माणसं करतात.

कॅमेऱ्याच्या फोनवर आवाजासाठी विसंबू नका, तो लांब असतो. कॉलरला लावायचा छोटा माइक असेल तर उत्तम. नसेल तर दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावून कलाकाराच्या खिशात, पदराआड, नाहीतर फ्रेमच्या बाहेर अगदी जवळ ठेवा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर जोरात एक टाळी वाजवा आणि तोंडाने शॉटचा, टेकचा नंबर म्हणा. संकलनात टाळीचा आवाज आणि टाळीचं चित्र जुळवलं की दोन्ही फाइली एकत्र बसतात. माळरानावर वारा असतो, माइकवर स्पंज किंवा लोकरीचा तुकडा बांधा.

शॉट संपला की लगेच पळू नका. सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड करा. दोन टेक जोडताना मध्ये जी पोकळी राहते ती याने भरते. आणि महत्त्वाचे संवाद, टेक कितीही चांगला आलेला असो, कॅमेरा बंद ठेवून कलाकाराकडून त्याच जागी पुन्हा एकदा म्हणवून घ्या. आमच्या फिल्ममधला "थोडं थांबा, येईलच" हा असा नंतर घेतलेला आहे.

जेवणाचं एका वाक्यात : सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला, दुपारी पिठलं-भाकरी-ठेचा, पाणी आणि ताक सतत, आणि मुलींना रात्री घरापर्यंत सोडायची गाडी आधी ठरलेली.

७. शनिवारी रात्री : कॉपी

जेवायच्या आधी सगळ्या फाइली लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर उतरवा. दोन्हीकडच्या काही फाइली उघडून, शेवटपर्यंत चालवून बघा. मगच फोन रिकामा करा. फोल्डरांना शॉट नंबर द्या. चांगले टेक कोणते ते चित्रीकरण चालू असतानाच कुणीतरी वहीत लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर रात्री सगळं पुन्हा बघायला तीन तास जातात. लाइट जाईल हे धरून चाला : लॅपटॉप चार्ज, आणि जिथे इन्व्हर्टर आहे अशा घरात संकलन.

८. रविवार : जोड

'दाविंची रिझॉल्व्ह'ची फुकट आवृत्ती चांगली आहे, पण तिला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. जुन्या लॅपटॉपवर 'केडीएनलाइव्ह' हलकं चालतं, फोनवर 'व्हीएन' किंवा 'काइनमास्टर'. जे येतं तेच वापरा. रविवार हा नवं सॉफ्टवेअर शिकायचा दिवस नाही.

आधी फक्त चांदणीवाले शॉट गोष्टीच्या क्रमाने मांडा आणि ते सगळ्यांनी एकदा गप्प बसून बघा. आमचा पहिला जोड आठ मिनिटांचा झाला. आई बसची वाट बघते ते आम्ही दीड मिनिट दाखवत होतो. कॅमेऱ्यामागे आम्हाला ते सुंदर वाटलं होतं, म्हणून कापायला हात धजत नव्हता. शेवटी घड्याळवाल्या मैत्रिणीला विचारलं, कारण चित्रीकरणाच्या प्रेमात नसलेली ती एकटीच होती. तिने चाळीस सेकंदांवर बोट ठेवलं.

संगीत : सिनेमातलं गाणं लावू नका, कितीही थोडं असलं तरी. स्पर्धेत बाद व्हाल आणि यूट्यूबवर फिल्म अडकेल. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत वापरायला मोकळं संगीत मिळतं, पण त्याहून मला आपलं आवडतं. हलगी वाजवणारा, ओवी म्हणणारी आजी, पेटीवर बसणारे भजनातले मामा, यांच्याकडून दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग याच ४८ तासांत घ्या, संमतीच्या कागदावर सही घ्या, मानधन द्या आणि श्रेयात नाव द्या. आमच्या फिल्मच्या शेवटी जात्यावरची एक ओवी आहे, बाकी कुठेही संगीत नाही.

मराठी अक्षरांनी आम्हाला रविवारी दुपारी पाऊण तास खाल्ला. काही ॲपमध्ये जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फुकट फाँट आधीच टाकून 'श्रेयनामावली', 'निर्मिती', 'दिग्दर्शन' हे शब्द टाइप करून बघा. तरीही तुटत असतील तर पाट्या दुसरीकडे बनवून चित्र म्हणून टाका. हे काम शुक्रवारच्या आधी तपासण्याचं आहे. परीक्षक मराठी नसतील तर सबटायटल ज्याने संहिता लिहिली त्याला करू देऊ नका. त्याला सगळं आधीच कळलेलं असतं.

९. अपलोड

आमची अकरा मिनिटं कुठे गेली ते साध्या गणिताने कळतं. पाच मिनिटांची फिल्म १६ मेगाबिट प्रतिसेकंद दराने एक्सपोर्ट केली तर फाइल साधारण ६०० एमबी होते (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). अपलोडचा वेग ५ मेगाबिट असेल तर ती सोळा मिनिटांत जाते. वेग १ मेगाबिट असेल तर ऐंशी मिनिटं. संध्याकाळी सहा ते आठ मोबाइलचा टॉवर सगळ्यांचाच असतो. आणि लक्षात ठेवा, फोनच्या जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो, अपलोडचा नाही. आदल्या रविवारी, त्याच वेळी, त्याच खोलीतून अपलोडचा वेग मोजा. कमी निघाला तर ज्याच्या घरी किंवा दुकानात फायबर आहे त्याला आधीच विचारून ठेवा. आम्ही दुसऱ्या वर्षी एका झेरॉक्सच्या दुकानातून पाठवली.

दुपारी एक वाजता चित्र पक्कं झालं की आवाज अर्धवट असला तरी एक प्रत एक्सपोर्ट करून चढवून ठेवा, स्पर्धा नंतर फाइल बदलू देत असेल तर. शेवटची प्रत चढली की दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, पोचपावतीचा स्क्रीनशॉट घ्या.

१०. परत द्यायच्या वस्तू

खाट, माठ, नऊवारी, डबा, चादर. कुणाकडून काय आणलं याची यादी घड्याळवालीकडे ठेवा आणि रविवारी रात्रीच परत करायला निघा. ओसरी झाडून द्या. फिल्म दाखवता येऊ लागली की लिंक पाठवून थांबू नका. ज्यांची घरं वापरली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे ती उघडायला नीट फोन नसतो. आम्ही भाड्याने प्रोजेक्टर आणून मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर दाखवली. गिरणीवाले काका त्या रात्री दोनदा बघून गेले.

छत्री फाट्याजवळच्या एका मावशींची होती आणि आम्ही ती चुकून लातूरला घेऊन आलो होतो. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीच्या कंडक्टरदादांकडे दिली. मावशी फाट्यावर उभ्या होत्या, त्यांना ती साडेआठला मिळाली.